डोळ्याची उडी

बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसलेल्या माणसाचे डोळे कधी निरखून पाहिलेत? त्याला कळणार नाही अशा बेतानं बघायचं. भवानीनगर मागे पडलं की दोन्ही अंगाला ऊस लागतो. माणूस बाहेर बघत निवांत बसलेला असतो, हात मांडीवर, मान खिडकीच्या गजाला टेकलेली. सगळं अंग स्वस्थ असतं आणि बुबुळांची मात्र धांदल चाललेली असते. ती हळूच मागे सरकतात, टचकन पुढे येतात, पुन्हा मागे सरकतात, पुन्हा टचकन पुढे. नजर उसाच्या एका सरीला धरते, ती सरी मागे जाईल तशी तिच्यासोबत मागे जाते, आणि सरी हातची निसटली की झेप घेऊन पुढची सरी पकडते. लासुर्णे येतं, जंक्शन येतं, निमगाव केतकी येतं. तासभराच्या या प्रवासात त्या माणसाच्या डोळ्यांनी अशा हजारो झेपा घेतलेल्या असतात, आणि इंदापूरच्या स्टँडवर उतरताना त्याला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नसतं.

हे पहिल्यांदा टिपणाऱ्यांत यान पुर्किन्ये हा चेक शास्त्रज्ञ होता. 1825 मध्ये घोडदळाचं संचलन बघायला जमलेल्या लोकांचे डोळे त्यानं पाहिले. घोड्यांची रांग पुढून जात होती आणि बघ्यांची बुबुळं अशीच सरकत होती, उडत होती. गर्दी घोडे बघत होती, हा माणूस गर्दीचे डोळे बघत होता. पुढे बारा वर्षांनी याच पुर्किन्येनं लहान मेंदूतल्या मोठ्या, झाडासारख्या फांद्या फुटलेल्या पेशींचं वर्णन केलं आणि त्या त्याच्याच नावानं ओळखल्या जाऊ लागल्या. डोळ्यांचं ते सरकणं आणि त्या पेशी यांची मुंबईतल्या एका रुग्णालयात गाठ पडायची होती, पण त्याला अजून जवळजवळ दीडशे वर्षं अवकाश होता.

त्याआधी एक प्रयोग करून बघा. आरशासमोर उभे राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. तुमचे डोळे नक्की हलताहेत, पण आरशात ते हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी घरातलं कुणी उभं असेल तर त्याला स्वच्छ दिसेल. नजर एका जागेवरून दुसऱ्या जागी झेपावते तेव्हा मेंदू तेवढ्यापुरतं बघणं जवळजवळ मिटून घेतो आणि आधीचं नि नंतरचं चित्र बेमालूम जोडून देतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ आरशासमोरून हललो नव्हतो. आपण जागेपणी सेकंदाला साधारण तीन वेळा नजर उडवतो. दिवसाकाठी ही संख्या लाखाच्या वर जाते. इतक्या वेळा आपण क्षणभर आंधळे होतो आणि आयुष्यभरात एकदाही ते जाणवत नाही.

आत्ता ही ओळ वाचतानाही तेच चाललंय. नजर ओळीवरून घरंगळत जाते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती चार-दोन अक्षरांवर टेकते, उडते, पुन्हा टेकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एमिल जावाल या डोळ्यांच्या डॉक्टरनं वाचणाऱ्यांच्या नजरेच्या या उड्यांना ‘सॅकाड’ म्हटलं. फ्रेंचमध्ये त्याचा एक अर्थ घोड्याच्या लगामाला दिलेला हिसका. शब्द नेमका आहे, कारण ही मानवी शरीरातल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी एक. मोठ्या उडीत बुबुळ सेकंदाला पाचशे अंशांहून जास्त वेगानं फिरतं. अख्खी उडी सेकंदाच्या दहाव्या भागात, बहुधा त्याच्याही आत, संपलेली असते.

एवढा वेग येतो कुठून? डोळा खोबणीत चरबीच्या आणि पडद्यांच्या चिकट गादीत बसलेला असतो. त्याला हळू ढकललं तर तो हळूच सरकणार. तो झटकन फिरायला हवा तर सुरुवातीलाच जोराचा रेटा द्यावा लागतो. हा रेटा मेंदूच्या देठातून येतो. मोठा मेंदू खाली निमुळता होत पाठीच्या कण्यात उतरतो तिथला हा भाग. त्याच्या मधल्या फुगवट्याला पॉन्स म्हणतात, लॅटिनमध्ये पूल. त्या पुलात मूठभर पेशी अशा आहेत की एरवी त्या गप्प असतात आणि उडीची वेळ आली की सेकंदाला हजारच्या घरात ठोके देतात. त्यांच्यावर पहारा ठेवणाऱ्या आणखी काही पेशी आहेत. त्यांचं काम उलटं. त्या अखंड ठोके देत राहतात आणि त्या ठोक्यांनीच पहिल्या पेशींना दाबून धरतात. उडीच्या क्षणी त्या गप्प होतात, नजर झेपावते, आणि मुक्काम आला की त्या पुन्हा दाब देतात.

नीरा डाव्या कालव्यावर ज्यांचं रान आहे त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. आवर्तन सुटलेलं असतं, पाटात पाणी तुंबलेलं असतं, पण दारं मातीनं बंद असतं. दारं धरणारा माणूस खोऱ्यानं माती ओढतो, पाणी उसळून वाफ्यात शिरतं, वाफा भरला की तो दारं मोडून पुढचं धरतो. सगळं कौशल्य उघडण्याच्या आणि बुजवण्याच्या वेळेत. जरा उशीर झाला की पाणी बांधावरून जातं. डोळ्याच्या बाबतीत हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायचा. आणि उडी कुठे, किती लांब पडावी याचा हिशेब सतत दुरुस्त करत बसलेला असतो लहान मेंदू, पुर्किन्येच्या पेशींचा.

आता भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात जाऊ.

डॉ. नोशीर वाडिया 1925 मध्ये सुरतेत जन्मले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1948 साली डॉक्टर झाले आणि पुढचं शिकायला लंडनला गेले. तिथं त्यांना गुरू लाभले रसेल ब्रेन. मेंदूच्या डॉक्टरचं आडनावच ब्रेन, आणि त्या काळी ‘ब्रेन’ याच नावाच्या नियतकालिकाचे ते संपादकही होते. 1957 मध्ये वाडिया परतले आणि जे. जे.त मज्जाविकारांचा विभाग उभा करायला लागले. आज मेंदूचं चित्र काढणारी यंत्रं तालुक्याच्या गावीही पोचली आहेत. त्या वेळी जगात कुठेही सीटी स्कॅन नव्हता, एमआरआय नव्हता. डॉक्टरच्या हाती होता रबरी हातोडा, टॉर्च, टाचणी, आणि रुग्णाला नीट बघण्याची तयारी. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ही तयारी टिकवणं सोपं नसतं. बाहेर रांग असते, आणि समोरचा माणूस दोनशे मैलांवरून रात्रभर प्रवास करून आलेला असतो.

या रांगेत अधूनमधून एक ठरावीक तऱ्हेचा रुग्ण यायचा. पाय फाकवून, झोकांड्या खात चालणारा. बोलताना शब्द ओढले जायचे, तुटायचे. पेला तोंडाशी नेताना हात थरथरून पाणी सांडायचं. याला वैद्यकात अटॅक्सिया म्हणतात, तोल आणि ताळमेळ जाणं. अशा माणसाचं गावात काय होतं ते आपण सगळे जाणतो. आठवडी बाजारातून तो तसा चालत निघाला की लोक नाकाला रुमाल लावतात आणि म्हणतात, सकाळी सकाळीच घेतलीय. मला या वाक्याचा फार त्रास होतो. दारूनं लहान मेंदूच बधिर होतो म्हणून दारुड्याची चाल तशी होते, आणि याच्या लहान मेंदूतल्या पेशी मरत चाललेल्या असतात म्हणून याची. चाल एकच. त्यानं आयुष्यात थेंबही घेतलेला नसला तरी सोयरिकीच्या वेळी, मजुरीच्या वेळी ते वाक्य त्याच्या आधी पोचलेलं असतं. घरात चौकशी केली तर कळतं, वडील असेच होते, चुलते असेच होते, आजी शेवटी अंथरुणाला खिळली होती. मग दुसरं वाक्य येतं. घराण्याला शाप आहे.

वाडियांनी या रुग्णांच्या चालीबरोबर डोळेही पाहिले. लहान मेंदू बिघडला की डोळे सहसा थरथरतात, एका बाजूला सरकतात आणि हिसक्यानं परत येतात. परीक्षा देणारा कुठलाही विद्यार्थी ही खूण शोधतो आणि सापडली की समाधान पावतो. यांच्यापैकी कित्येकांत ती खूण नव्हती. डोळे शांत होते. पण डावीकडे बघा म्हटलं की नजर उडायच्या ऐवजी वाहत जायची. तेल सांडल्यावर जमिनीवर पसरावं तशी सावकाश. हिसका देणारं यंत्रच मंदावलं असेल तर डोळे थरथरणार तरी कसे? कधी रुग्ण मानेला झटका देऊन नजरेची उणीव भरून काढायचा, कधी पापणी मिटून. ऊस पळत असलेल्या त्या एसटीत हा माणूस बसला तर त्याची बुबुळं सरीसोबत मागे जातील आणि कोपऱ्यातच अडकून राहतील. पुढची सरी पकडायला झेप उरलेली नसते.

डॉ. आर. के. स्वामी यांच्यासह त्यांनी अशा नऊ कुटुंबांचा अभ्यास केला आणि 1971 मध्ये तो ‘ब्रेन’मध्येच छापून आला. शीर्षकात कंसात लिहिलं होतं, नऊ कुटुंबं. हा आजार नवा आहे, वेगळा आहे, आणि त्याची ओळख मंद नजरेत आहे, असं त्यांचं म्हणणं. नऊ कुटुंबं म्हणजे काय याचा विचार केला की मी थबकतो. प्रत्येक घरातल्या तीन-तीन पिढ्या, मेलेल्यांच्या आठवणी, सासरी गेलेल्या मुली, ‘तिला तसलं काही नाही’ म्हणून लपवलेली बहीण. या सगळ्यांची वंशावळ कागदावर मांडायची. संगणक नाही, फोन मोजके. हे काम फक्त चिकाटीनं होत नाही. समोरच्यांना आपल्याविषयी विश्वास वाटावा लागतो.

पुढे या मंद डोळ्यांनी निरोगी डोळ्यांविषयीचं एक कोडंही सोडवायला मदत केली. उडी एकदा सुटली की सुटली, मधे वळवता येत नाही, असं बरेच जण धरून चालले होते. गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी. निरोगी माणसात हे तपासणार तरी कसं? उडी सुरू होऊन संपते तेवढ्यात बाहेरची नवी बातमी डोळ्यातून मेंदूपर्यंत पोचतही नाही. 1976 मध्ये अमेरिकेत डेव्हिड झी, डेव्हिड रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच विकाराच्या, मंद नजरेच्या रुग्णांना एक ठिपका दाखवला आणि नजर वाटेत असतानाच तो दुसरीकडे हलवला. या रुग्णांची नजर मधेच वळली. याचा अर्थ दगड सुटलेला नव्हताच. डोळा आत्ता कुठे आहे आणि कुठे जायचंय याचा ताळा मेंदू उडी चालू असतानाही सतत घेत असतो. आपल्यात ते इतकं झटपट उरकतं की उघड्यावर येत नाही. आजारानं वेग काढून घेतला म्हणून यंत्राची आतली चाल दिसली. ज्या माणसांचं चालणं-बोलणं हिरावलं जात होतं, त्यांनी खुर्चीत बसून ठिपक्यांकडे बघत हे ज्ञान आपल्याला दिलं. त्यांचे आभार कुणी मानले असतील तर ते कमीच पडतील.

वाडियांनी वर्णन केलेल्या आजाराचं मूळ सापडायला आणखी पंचवीस वर्षं लागली. क्यूबातल्या होल्गिन प्रांतात अशाच आजाराची मोठमोठी कुटुंबं आहेत. 1993 मध्ये त्यांच्यावरून कळलं की दोष बाराव्या गुणसूत्रावर आहे. 1996 मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी नेमका जनुक पकडला. आता या आजाराला स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया टाइप दोन म्हणतात, बोलीत एससीए टू.

दोष ऐकायला क्षुल्लक वाटतो. त्या जनुकात सी, ए, जी ही तीन अक्षरं एकामागून एक पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांत साधारण 22 वेळा. ती 33 किंवा त्याहून जास्त वेळा आली की आजार संभवतो. जितकी जास्त, तितका तो लवकर येतो. पुढच्या पिढीत ही माळ आणखी लांबू शकते, म्हणून बापाला चाळिशीत जे झालं ते मुलाला पंचविशीत होताना दिसतं. शापाची गोष्ट गावानं रचली ती उगाच नाही. पिढीगणिक तो खरोखरच वेळेआधी येत होता.

यातला एक बारकावा मला फार आवडतो. निरोगी माळेत मधेमधे एखाद-दोन ठिकाणी सीएजीच्या जागी सीएए असतं. प्रथिनाच्या दृष्टीनं दोन्हींचा अर्थ अगदी एकच. बनणारं प्रथिन तसूभरही बदलत नाही. पण मधलं ते वेगळं अक्षर बांधासारखं काम करतं. वाफ्यात बांध असेल तर पाणी जागच्या जागी राहतं, बांध नसेल तर सैरावैरा धावतं. सीएएचे बांध गेलेली सलग माळ नक्कल होताना घसरते आणि लांबत जाते. आईवडलांपैकी एकाकडून अशी माळ मिळाली तरी पुरते, म्हणून प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. सुनेच्या पायगुणाचा यात कणभरही संबंध नाही.

1998 मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, वाडियांनी सहकाऱ्यांसह पुन्हा ‘ब्रेन’मध्ये लिहिलं. या वेळी सहा भारतीय कुटुंबं, आणि सोबत जनुकाची तपासणी. मंद नजरेला निदानात किती वजन द्यावं हाच त्या लेखाचा विषय होता. डोळ्यांनी पाहून जे वेगळं काढलं होतं त्याला रक्ताच्या चाचणीनं दुजोरा दिला. एखाद्या डॉक्टरला स्वतःच्या तरुणपणीच्या निरीक्षणाचा असा निकाल हयातीत हाती यावा, ही मोठी गोष्ट.

त्यांच्या कामाची यादी चाळताना जाणवतं की डोळे त्यांच्या वाटेत वारंवार आले. 1968 मध्ये डॉ. दराब दस्तूर आणि डॉ. मंघाणी यांच्यासोबत त्यांनी भारतातल्या विल्सन आजाराच्या 16 कुटुंबांवर लिहिलं. या आजारात शरीराला तांबं बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात आणि मेंदूत साठतं. मग शाळकरी पोराचे हात पक्ष्याच्या पंखासारखे फडफडायला लागतात, तोंड वाकडं होतं, अक्षर बिघडतं, मास्तर रागावतात. त्या पोराच्या बुबुळाच्या कडेला तांब्याचं तपकिरी-हिरवट कडं दिसतं. मेंदूत काय चाललंय याची खबर डोळ्याच्या पारदर्शक काचेवर लिहिलेली असते. आणि या आजाराला औषध आहे! जॉन वॉल्श यांनी 1956 मध्ये पेनिसिलामीन वापरून तांबं लघवीवाटे काढता येतं हे दाखवलं, पुढे जस्ताचे क्षारही आले. वेळेवर ओळखलं तर हे पोर पुन्हा शाळेत जाऊ शकतं. या आजाराला दोष आईवडील दोघांकडून यावा लागतो. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे अजून आहे, आणि नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते. नातं तोडा असं मी म्हणणार नाही, पण पहिल्या अपत्याला हे झालं असेल तर धाकट्यांची तपासणी त्यांना काही होण्याआधीच करून घ्यायला हवी.

1971 सालीच मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ होती. लालभडक डोळे, चार-आठ दिवसांत बरे होणारे. काहींचे पाय मात्र नंतर पोलिओसारखे लुळे पडले. डोळे येणं आणि पाय जाणं यांची सांगड घालणाऱ्यांत वाडिया आणि त्यांचे सहकारी होते. ‘दोन आठवड्यांपूर्वी डोळे आले होते का?’ हा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो सुचावा लागतो.

पुढे जसलोक रुग्णालयात ते मज्जाविकार विभागाचे संचालक झाले, भारतीय अनुभवावर आधारलेला मोठा ग्रंथ त्यांनी संपादित केला, 2012 मध्ये पद्मभूषण मिळालं, 2016 मध्ये ते गेले.

एससीए टूवर मुळापासूनचा इलाज अजून नाही. तोल सांभाळायचे व्यायाम, बोलण्याचे आणि गिळण्याचे व्यायाम, घरात धरायला कठडे, एवढ्यावर कितीतरी वर्षं बऱ्यापैकी काढता येतात. आणि निदान करायला लागणारी पहिली चाचणी फुकट आहे. निमगाव केतकीच्या दवाखान्यातही ती करता येते. डॉक्टरनं आपली दोन बोटं रुग्णासमोर हातभर अंतरावर धरायची, मान हलवू नका म्हणायचं. इकडे बघा. आता इकडे. पुन्हा इकडे. बोटावर पोचलेल्या नजरेपेक्षा वाटेतल्या नजरेकडे लक्ष द्यायचं.

वडलांना घेऊन बहुधा मुलगा येतो. विशीतला, मोटारसायकलवर मागे बसवून आणलेलं असतं. तो सरळ चालतो, स्पष्ट बोलतो, केसपेपर काढायला पळत जातो. वडील तपासून झाल्यावर डॉक्टर सहज त्याच्याकडे वळू शकतो आणि बोटं धरू शकतो. क्यूबातल्या कुटुंबांच्या अभ्यासात दिसलंय की पाय अडखळायच्या कितीतरी आधी नजर मंदावू लागते. म्हणजे त्या पोराला स्वतःविषयी जे माहीत नाही ते समोरच्या डॉक्टरला तीन सेकंदांत कळू शकतं. म्हणून चांगला डॉक्टर बोटं वर करण्याआधी थांबतो, खुर्ची पुढे ओढतो, त्याला शेजारी बसवतो आणि विचारतो, ‘तुझं लग्न ठरलंय का रे? घरी अजून कोण कोण आहे? आणि तुला स्वतःबद्दल जाणून घ्यायचंय का, की आत्ता नको?’